रंगांचं सामान माळ्यावर चढवू नका: सोलापुरातल्या नव्या आई-चित्रकारांसाठी

बाळ येणार म्हटलं की घरात आवराआवर सुरू होते आणि त्यात सगळ्यात आधी ईझल, म्हणजे चित्राची घोडी, हलते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पाळण्याला जागा हवी, रंगांचा वास नको, पिनाटाचण्या नकोत. मग कुणीतरी शिडी आणतं, सगळं बांधून माळ्यावर ठेवतं आणि म्हणतं, "दोन वर्षांनी काढू की खाली." दोन वर्षांनी ते खाली येत नाही. तोवर त्याच्यापुढं फराळाचे डबे, जुना कूलर आणि लहान झालेल्या कपड्यांची बोचकी येऊन बसलेली असतात.

पहिल्या दोन-तीन वर्षांत मोठी झेप घ्यायचं मनात धरू नका. सामान खाली राहील, हाताशी राहील आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी त्याला हात लागेल एवढंच जमवायचं आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. चित्रकार, शिल्पकार, छपाई करणाऱ्या, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढणाऱ्या, क्लास घेणाऱ्या अशा सगळ्यांना यातलं काही ना काही लागू पडेल. क्रम बाळंतपणाच्या आधीपासून बालवाडीपर्यंत लावला आहे. तुमचं मूल आधीच रांगत असेल तर तिसऱ्या पायरीपासून वाचा, पण पहिल्या पायरीतला बाटल्यांचा भाग सोडू नका.

पायरी १: सातवा महिना लागण्याआधी

सुरुवात कपाटातल्या बाटल्यांपासून करा. तेलरंगात काम करत असाल तर टर्पेंटाइन बंद. बिनवासाचं थिनर मिळतं, पण वास येत नाही म्हणजे वाफ होत नाही असं नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये झळा नकोत म्हणून दुपारी दारं-खिडक्या लावून घेतात आणि नेमकी तेव्हाच ही वाफ खोलीत कोंडते. थिनरशिवायही तेलरंग वापरता येतो. रंग ट्यूबमधून जसा येतो तसाच लावायचा, फार तर थोडं जवसाचं तेल घालायचं. ब्रश आधी फडक्याला पुसायचा, मग साध्या तेलात घोळवून पुन्हा पुसायचा आणि शेवटी साबणानं धुवायचा. ब्रश धुण्यापुरतं करडईचं तेल उत्तम, आणि ते आपल्या जिल्ह्यात सहज मिळतं. रंगांच्या कंपन्याही पांढऱ्या रंगात करडईचं तेल घालतात, कारण ते जवसापेक्षा कमी पिवळं पडतं. मात्र स्वयंपाकघरातलं तेल चित्रात मिसळू नका.

जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी बोळा करून टाकू नका. हे तेल वाळताना हवेशी संयोग पावतं, त्यात उष्णता निघते, आणि बोळ्याच्या आत ती साठत गेली तर फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तर हे विसरून चालणारच नाही. फडकी पाणी घातलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, नाहीतर बाहेर एकेरी पसरून पूर्ण वाळवा आणि मगच टाका.

रंगांच्या ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. पांढऱ्यावर पीडब्ल्यू १ असेल तर त्यात शिसं आहे. 'फ्लेक व्हाइट' नावानं येतो तो हाच. शिसं वारेतून गर्भापर्यंत पोचतं आणि पुढं अंगावरच्या दुधातूनही बाळाकडं जातं. ती ट्यूब घरातून बाहेर काढा आणि पीडब्ल्यू ६, म्हणजे टायटॅनियमचा पांढरा वापरा. कॅडमियमचे पिवळे-लाल रंग वापरणारच असाल तर हातमोजे घाला आणि वाळलेला थर पॉलिश पेपरनं घासू नका. सुकी रंगपूड खलणं, स्प्रेचं फिक्सेटिव्ह (चित्रावरची पूड पक्की बसवणारा फवारा), रेझिन, एचिंगचं म्हणजे छपाईचा धातूचा पत्रा कोरायचं आम्ल ही चार कामं या काळात पूर्ण बाजूला ठेवा. सुके पेस्टल वापरत असाल तर कागदावरची पूड फुंकून उडवायची सवय मोडा, ओल्या फडक्यानं टिपून घ्या. आणि सगळ्या लेबलांचे फोटो काढून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. "मी पेंटिंग करते, चालेल का?" एवढंच विचारलं तर "चालेल की, मन प्रसन्न राहतं" असं उत्तर मिळतं, कारण समोरच्याच्या डोळ्यांसमोर लहान मुलांची रंगपेटी असते.

दुसरं काम ऑर्डरींचं. हाती असलेली कामं सातव्या महिन्याच्या आत देऊन टाका. जी जमणार नाहीत त्यांची तारीख गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर लिहून कळवा. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. कारण सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तारीख स्पष्ट असली की पुरे.

तिसरं काम कंटाळवाणं आहे, पण पुढं तेच सगळ्यात उपयोगी पडतं. आतापर्यंतच्या प्रत्येक चित्राचा सकाळच्या सावलीतल्या उजेडात फोटो काढा आणि एका वहीत किंवा फाइलमध्ये नाव, वर्ष, माध्यम, आकार, किंमत आणि चित्र सध्या कुठं आहे एवढं नोंदवा. बाळ मांडीवर झोपलेलं असताना एखाद्या प्रदर्शनाचा अर्ज मोबाइलवरून भरायची वेळ येते, तेव्हा हीच यादी हाताशी लागते.

कारखान्यात, कंपनीत किंवा जाहिरात संस्थेत पगारी असाल तर प्रसूती लाभ कायदा माहीत करून घ्या. मूळ कायदा १९६१ चा, त्यातली मोठी दुरुस्ती २०१७ ची, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी, बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर मालकानं पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जाऊ द्यायचं असतं. मागितल्याशिवाय हे क्वचितच मिळतं, म्हणून लेखी मागा. आपल्यातल्या बहुतेकजणी मात्र स्वतंत्र काम करतात. आपल्याला ना मालक ना रजा. त्यांनी गरोदरपणातल्या प्रत्येक कामाच्या पैशातला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायला लगेच सुरुवात करावी. बाळ झाल्यावर निदान सहा महिने रंगातून काही येणार नाही असं धरूनच हिशेब मांडा.

पायरी २: माहेरचे दिवस

पहिलं बाळंतपण माहेरी होत असेल तर सोबत एक छोटी स्केचबुक, एक ६बी पेन्सिल आणि मुठीत मावणारी जलरंगांची डबी न्या. बाकी काही नको. सव्वा महिना शेक-शेगडी, मालीश आणि डिंकाच्या लाडवांचा असतो, त्यात चित्रकार व्हायची गरज नाही. स्केचबुक उघडलीच नाही तरी काही बिघडत नाही.

फक्त एका गोष्टीवर लक्ष ठेवा. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळजणींना होतं आणि ते ओसरतं. पण दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, बाळाजवळ असूनही काहीच वाटत नसेल, जीव नकोसा होत असेल तर ते 'कलाकार आहे, हळवी आहे' म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडं जा. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. नकोनको ते विचार मनात येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी घरात सांगा आणि दवाखाना गाठा.

पायरी ३: जागा

स्वतंत्र स्टुडिओची स्वप्नं रंगवू नका. जुळे सोलापुरातला दोन खोल्यांचा फ्लॅट असो, गिरणीच्या काळातली चाळ असो की सासरचा जुना वाडा, तुम्हाला हवं आहे एक टेबल, जे जेवणाच्या वेळी रिकामं करावं लागत नाही. एवढी एक अट पाळली तर अर्धं काम झालं. मांडणं आणि आवरणं यातच वीस मिनिटं जातात, आणि नव्या आईला एका वेळी मिळतात तीस-चाळीस मिनिटं. टेबल ठेवायला अजिबात जागा नसेल तर प्लायवूडचा एक बोर्ड घ्या. चालू काम त्यावरच चिकटवलेलं ठेवायचं आणि उठताना काम, रंग, ब्रश यांच्यासकट बोर्ड पलंगाखाली सरकवायचा. मूल रांगायला लागलं की हाच बोर्ड कपाटावर.

वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली देऊ केली तर मार्च ते जून ती दुपारी वापरता येणार नाही हे गृहीत धरा. गच्चीवरची पत्र्याची खोली तर नकोच. थंडीत ती गोजिरवाणी दिसते आणि सगळे त्याच दिवसांत ती दाखवतात.

पाण्याचंही पाहा. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. ब्रश धुवायच्या पाण्यासाठी घरातल्या पिंपाला हात लावला की कुरबूर सुरू होते, म्हणून आपली एक वेगळी बादली भरून ठेवा. ते पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायचं नाही आणि झाडांनाही घालायचं नाही. रंगाचा गाळ बसू द्या, वरचं पाणी पुन्हा पहिल्या धुण्याला वापरा, तळाचा गाळ जुन्या कागदात वाळवून कचऱ्यात टाका.

ब्लेड, टाचण्या, छोटी चुंबकं, लिनोकामाच्या सुऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा उंचावर ठेवा. 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेला रंग खाण्याजोगा असतो असंही नाही. रांगणारं मूल जमिनीवर सापडेल ते तोंडात घालतं, म्हणून निदान या वयात तुमची खालची फळी रिकामी हवी.

पायरी ४: तुटक वेळेला सोसणारं माध्यम

मी कुणालाही शैली बदला म्हणणार नाही, पण माध्यम मात्र काही काळासाठी बदला. बाळाच्या रडण्यानं ब्रश मध्येच खाली ठेवावा लागला तर काय होतं, या एकाच कसोटीवर माध्यम निवडा.

अॅक्रेलिक या कसोटीत नापास होतं, निदान आपल्या हवेत. मे महिन्यात पॅलेटवरचा रंग काही मिनिटांत साय धरतो, आणि ब्रश तसाच राहिला तर तो गेलाच. वापरायचंच असेल तर चपट्या डब्यात ओल्या टॉवेलचा तुकडा अंथरून त्यावर बटर पेपर घाला आणि पेपरवर रंग काढा. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही ओला सापडतो. टॉवेलच्या तुकड्यांची आपल्या गावात वानवा नाही. ब्रशसाठी पाण्याची आडवी थाळी शेजारी असू द्या, बुडवला आणि उठलं.

जलरंग आणि गुआश (जाड, अपारदर्शक जलरंग) यांना मात्र कितीही वेळ थांबवता येतं. वाळलेला रंग पाण्याचा थेंब पडला की पुन्हा उठतो. फक्त मोठा सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, मध्येच सोडता येत नाही, तर तो बाळाच्या पक्क्या झोपेसाठी राखून ठेवा आणि बारीक काम उरलेल्या वेळात करा. पेन्सिल, शाई, कोलाज यांचंही तसंच.

आणि सूत. सोलापुरात राहून कापडाकडं न बघणं मला तरी समजत नाही. टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांतून कापलेल्या कडा, छपाईत चुकलेले तुकडे, वाया गेलेलं रंगीत सूत निघतं. ओळखीनं, वजनावर, अगदी कमी पैशात मिळतं. सुईदोऱ्याचं काम बाळ शेजारी झोपलेलं असताना, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, गाडीत, कुठंही करता येतं. मुलाच्या हाताला लागू नये म्हणून सुई मोजून घ्या आणि मोजून ठेवा. रूथ असावा या अमेरिकन शिल्पकर्तीला सहा मुलं होती. १९४७ मध्ये मेक्सिकोतल्या टोलुका इथं टोपल्या विणणाऱ्यांकडून ती तारेचे फास गुंफायला शिकली आणि पुढं छताला टांगायची तारेची शिल्पं तिनं घरातच, मुलांच्या गराड्यात केली. त्या पद्धतीत कुठल्याही फासावर थांबता येतं आणि त्याच फासापासून पुढं जाता येतं. ती शिल्पं आज मोठ्या संग्रहालयांत आहेत, तेव्हा 'घरबसल्या विणकाम' असं कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

आकार लहान ठेवा आणि मालिका करा. सहा इंची चौरसातली वीस चित्रं एकत्र टांगली की भिंत भरते, आणि त्यातलं एखादं बिघडलं तर महिन्याचं काम वाया जात नाही. मोठा कॅनव्हास ताणून ठेवला तर तो फक्त तुमच्याकडं बघत राहतो.

शेवटची सवय, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची: उठताना पुढचं काम एका ओळीत लिहून चिकटवा. 'डावा कोपरा गडद कर, मग पिवळा धागा.' दोन दिवसांनी, अर्धवट झोपेत टेबलाशी आलात की काय करायचं या विचारात वेळ जात नाही. मिसळलेला रंग उरला असेल तर छोट्या डबीत भरून त्यावरही तारीख आणि चित्राचं नाव लिहा.

पायरी ५: वेळ आणि बाळ धरणारे हात

"बाळ झोपलं की काढ चित्र" हा सल्ला तुम्हाला सगळे देतील. तो घेऊ नका, निदान त्याच्यावर विसंबू नका. बाळ झोपलं की आईनंही झोपायचं असतं, आणि रात्री जागून केलेल्या कामाचे रंग सकाळी ट्यूबलाइटच्या उजेडाचे निघतात ते वेगळंच. आठवड्यातले दोन ठरलेले तुकडे हवेत, प्रत्येकी दोन-तीन तासांचे, ज्यात बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे. उन्हाळ्यात हे तुकडे सकाळी दहाच्या आत बसवा. पाण्याचा दिवस मात्र त्यात धरू नका, त्या दिवशी घरातलं कुणीच मोकळं नसतं.

घरातल्यांशी बोलताना मोघम बोललं की काम फसतं. "आई, जरा बाळाला बघता का?" असं रोज विचारलं तर रोज उपकार होतात. त्याऐवजी, "आई, मंगळवारी आणि शुक्रवारी आठ ते दहा बाळ तुमच्याकडं. बाकी दिवस मी काही म्हणणार नाही," असं एकदाच सांगा. सासूबाईंनाही आपला वेळ कुठला आणि सुनेचा कुठला हे कळलेलं बरं वाटतं, त्यांनाही भजनी मंडळ असतं, गुडघे असतात. सांगताना काम दाखवाही. चित्र कुणाकडं जाणार आहे, किती पैसे ठरलेत, तारीख कुठली, हे त्यांना माहीत असलं की दारात आलेल्या शेजारणीला त्याच म्हणतात, "ती कामात आहे, नंतर या." हे वाक्य तुमच्या तोंडून दहा वेळा गेलं तरी ऐकू जात नाही.

नवऱ्याच्या वाट्याला 'मदत' ठेवू नका, ठरलेला वेळ ठेवा. रविवारची सकाळ त्याची आणि बाळाची, त्यात दूध, शी-शू, अंघोळ सगळं आलं. पहिले दोन रविवार तो दर दहा मिनिटांनी आत येऊन लंगोट कुठं आहेत विचारेल. उत्तर द्या, पण उठू नका.

घरात कुणी नसेल तर पैसे देऊन माणूस लावा, किंवा मूल थोडं मोठं झालं की पाळणाघर शोधा. पाळणाघर बघायला न सांगता, दुपारच्या वेळी जा. किती मुलांमागं किती बायका आहेत, मुलांना झोपवतात कुठं, उन्हाळ्यात खोली किती तापते, प्यायचं पाणी कुठून येतं आणि मूल न्यायला कोण आलं हे लिहून घेतात का, एवढं पाहा. तीन वर्षांनंतर अंगणवाडीचा पर्याय आहे. सरकारी म्हणून आधीच नाही म्हणू नका, आपल्या वॉर्डातली जाऊन बघा.

जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, गड्ड्याची जत्रा. त्या आठवड्यात कुणालाही कामाची तारीख देऊ नका. पाहुणे येतात, रस्ते बंद असतात, आणि खरं सांगायचं तर कामात लक्षही लागत नाही. मुलाला घेऊन गड्ड्यावर जा.

पायरी ६: पैसा

पाळणाघराची किंवा सांभाळणाऱ्या मावशींची फी हा तुमच्या व्यवसायाचा खर्च आहे, कागद आणि रंगांसारखाच. "तुझ्या चित्रातून तेवढं तरी येतं का?" हा हिशेब फक्त आईच्या कमाईसमोर मांडला जातो. मूल दोघांचं असेल तर ही फी दोघांच्या कमाईतून वजा होईल, हे आधीच बोलून घ्या.

आपल्या गावात चित्रकाराला नियमित पैसा मिळतो तो प्रामुख्यानं क्लासमधून. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतात, आणि इंटरमिजिएटला दहावीत वाढीव गुण मिळत असल्यानं पालक स्वतःहून मुलांना पाठवतात. जून ते सप्टेंबर चांगली कमाई होते. धोका एवढाच की क्लास घरभर पसरतो. आधी दोन दिवस, मग पाच, मग सुट्टीतली शिबिरं, आणि वर्षअखेर कळतं की स्वतःचं एकही चित्र झालेलं नाही. शनिवार-रविवार मिळून दोनच बॅचेस घ्या. मुलं वाढली तर फी वाढवा, बॅच वाढवू नका.

ऑर्डरी घेताना निम्मे पैसे आधी, तारीख लेखी, आणि बदल दोनदाच. नातेवाइकांना वेगळा दर द्यायचा असेल तर द्या, पण बिलावर मूळ किंमत लिहून सूट दाखवा, नाहीतर तुमची सवलतीची किंमतच तुमची किंमत म्हणून गावभर होते. शाळांच्या, अंगणवाड्यांच्या बोलक्या भिंती रंगवायचं काम बऱ्यापैकी मिळतं. त्यात परांची, ऊन आणि दिवस-दिवस बाहेर राहणं आलं, शिवाय बिल निघायला वेळ लागतो. बाळ अंगावर पीत असताना ते घेऊ नका. रुखवताची कामं, नावाच्या पाट्या, लोगो, पुस्तकांची चित्रं घरात बसून होतात.

बँकेत कामाचं खातं वेगळं ठेवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनच्या आधारे फुकट होते. 'करून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यांकडं जाऊ नका. क्लास आणि डिझाइनसारख्या सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात चित्रं विकू लागलात की एकदा कर सल्लागाराला विचारा.

पायरी ७: गावाबाहेरचा धागा

आई झाल्यावर काम थांबतं त्यापेक्षा जास्त वेळा थांबतं ते दिसणं. वर्षातून दोन अर्ज तरी करायचेच असं ठरवा. कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासूनची. दोन्हींची वार्षिक प्रदर्शनं असतात. अर्जाचे नियम दर वर्षी नीट वाचा. तरुण कलाकारांसाठीच्या पुरस्कारांना वयाची मर्यादा असते आणि बाळाच्या पहिल्या वर्षांत ती मर्यादा गुपचूप ओलांडली जाते, म्हणून त्यांना आधी अर्ज करा.

एकल प्रदर्शनाची इच्छा असेल तर मुंबईच्या जहांगीरसारख्या कलादालनात नंबर लागायला वर्षं जातात. हे आपल्या पथ्यावर पडतं. मूल लहान असतानाच अर्ज टाकून ठेवा, तारीख येईल तेव्हा ते शाळेत जात असेल. पुण्याची कामं हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येऊन होतात. सहा इंची चित्रं सुटकेसमध्ये मावतात, हा लहान आकाराचा आणखी एक फायदा. निवासी शिबिराचं बोलावणं आलं तर मूल आणि सांभाळायला एक माणूस सोबत आणता येईल का, हे पत्रातच विचारा. बरेच जण नाही म्हणतील. काहींनी तो विचारच केलेला नसतो आणि विचारल्यावर सोय करतात.

आपल्या परिचयपत्रात मधल्या रिकाम्या वर्षांचं स्पष्टीकरण देऊ नका. वर्षं लिहा आणि कामं लिहा, बस.

तुम्ही आता आईपणावर चित्रं काढाल असं लोक गृहीत धरतील. तसं वाटलं तर जरूर काढा. न्यूयॉर्कच्या मिअरल लेडरमन युकिलिस या कलाकर्तीनं पहिल्या मुलानंतर, १९६९ मध्ये, धुणं-पुसणं-सांभाळणं हीच माझी कला असा जाहीरनामा लिहिला आणि १९७३ मध्ये हार्टफर्डच्या एका संग्रहालयाच्या पायऱ्या कलाकृती म्हणून धुतल्या. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात १९१५ मध्ये जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांची आई ते तान्हे असतानाच गेली, आणि त्यांनी काढलेल्या मदर तेरेसांना चेहराच नाही. म्हणजे हा विषय मोठाच आहे. पण तुम्हाला अजूनही बंद पडलेल्या गिरण्यांच्या भिंतीच काढाव्याशा वाटत असतील तर त्याच काढा. आई झाल्यानं विषय बदललाच पाहिजे असा नियम नाही. आणि मुलाचे फोटो टाकून तुमच्या कामाकडं लोक ओढून घेऊ नका. पसंतीचे अंगठे मुलाला मिळतात, चित्राला नाही.

पायरी ८: दोन वर्षांनंतर

चालायला-बोलायला लागलेल्या मुलाला तुमच्या टेबलापासून दूर ठेवता येणार नाही. त्याला त्याचं टेबल द्या. उलटा ठेवलेला पाट चालतो. त्यावर वर्तमानपत्र, जाड मेणखडू, आणि हळद किंवा बीट पाण्यात कालवून केलेला रंग. नियम एकच, माझ्या कागदावर तू नाही, तुझ्या कागदावर मी नाही. दुसरा भाग पाळणं आईला जास्त जड जातं. सूर्य वर कोपऱ्यातच काढायचा असं शिकवायला जाऊ नका. या जोडीनं केलेल्या वेळात तुमचं बारीक काम होणार नाही, तेव्हा फक्त कागद कापणं, बोर्डला चिकटवणं, कॅनव्हासला पहिला हात देणं अशी कामं ठेवा.

तीन-साडेतीन वर्षांनी बालवाडी सुरू होते. जूनपासून रोज सकाळचे अडीच-तीन तास मोकळे होतील, आणि हे घरातल्या सगळ्यांच्या लक्षात येतं. बँकेची कामं, दळण, नणंदेच्या मुलीच्या लग्नाची खरेदी, सगळं त्या तासांत सरकवलं जातं. म्हणून मे महिन्यातच जाहीर करून टाका की पहिले दोन तास टेबलाचे आहेत. मोठा कॅनव्हास, तेलरंग, जे काही बाजूला ठेवलं होतं ते आता पुन्हा काढा. पण मोठ्या ऑर्डरीची तारीख देताना दिवाळीनंतरची द्या. बालवाडीच्या पहिल्या पावसाळ्यात मुलं एकमेकांची सर्दी घेऊन घरी येतात आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस घरीच असतात.